ब्रशकाकांनी पुसलेला तारा

ब्रशकाकांना कुणाच्या चेहऱ्याकडे नुसतं बघता येत नसे. समोरचा जीव तोडून बोलत असला तरी यांची नजर त्याच्या नाकाशेजारच्या तिळावर. उभा जन्म फोटो स्टुडिओत गेला. बारीक ब्रशने लोकांचे मुरूम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. अर्ध्या शहराचे संसार आपल्या ब्रशवर उभे आहेत, असं ते खाजगीत सांगत. त्यातले किती टिकले, हे काकू खाजगीत सांगत.

स्टुडिओ बंद पडला आणि काका खगोल संस्थेच्या चित्र विभागात चिकटले. ब्रश गेला, संगणक आला. वर फिरणारी दुर्बीण ताऱ्यांचे क्ष-किरण टिपते. ते डोळ्यांना दिसतच नाहीत, मग त्यांना रंग कुठला? तो काकांनी द्यायचा. सौम्य किरणांना तांबडा, तीव्र किरणांना निळा. शिवाय भरकटलेले कण दुर्बिणीवर आदळून खोटे ठिपके उमटतात, ते काढून टाकायचे. ठिपके काढायचे म्हटल्यावर काकांना आणखी काय हवं होतं?

संस्थेत एक तरुण संशोधिका होती. फुटून गेलेल्या एका ताऱ्यामागे ती वर्षानुवर्षं लागली होती, आणि तिच्या आईच्या हिशेबाने तेवढ्यात सगळी चांगली स्थळं हातची गेली होती. ताऱ्याच्या चिंधड्या कड्यासारख्या पसरलेल्या होत्या. मधला गाभा कुठे गेला, ते कुणालाच कळत नव्हतं. धुळीआड दडलेला तो गाभा तिला क्ष-किरणांत सापडला. एक बारीकसा ठिपका. काकांनी रंगवलेलं चित्र तिने पाहिलं, मान डोलावली आणि ती भाषणाच्या तयारीला लागली.

काकांनी तिचा लेख काही वाचला नव्हता. स्टुडिओत तरी कुठल्या चेहऱ्याची जन्मकथा विचारली होती? छापायला पाठवण्याआधी सवयीने त्यांनी चित्रावर शेवटचा हात फिरवला.

"सुंदर कडं होतं गं," दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा पिताना काकूंना म्हणाले. "बरोबर मधोमध डाग. घालवला."

"आभाळातला डाग दिसतो तुम्हाला," काकू म्हणाल्या. "शर्टावर काय सांडलंय ते बघा."

शर्ट बदलून काका कार्यक्रमाला गेले आणि मागच्या रांगेत बसले. पत्रकार आले होते. भिंतीवर मोठं चित्र, त्यावर पडदा. संशोधिका बोलत होती. "सगळ्यांना वाटलं, मागे काही उरलंच नाही. पण कड्याच्या मधोमध..." काकांना तो डाग आठवला. पडदा बाजूला झाला. तिने काठी मधोमध टेकवली आणि ती तिथेच थांबली. कडं झगमगत होतं. आत काळोख.

संचालक साहेब तयारीचा माणूस. "मधल्या ठिपक्याचा छापखान्याने घोळ घातलेला दिसतोय," ते हसून म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. छापखानेवाला काही तिथे नव्हता. काकांनी श्वास सोडला. नुसतं गप्प बसलं की भागत होतं.

तेवढ्यात एका पत्रकार बाईंनी हात वर केला. "छपाईत ठिपका जाऊ शकतो, तर येऊही शकतो ना? मग तुम्हाला दिसला तो तरी खरा कशावरून?"

संशोधिकेने काठी हळूच खाली घेतली. काका तिच्याकडे बघत होते, आणि त्या दिवशी त्यांना तिच्या चेहऱ्यावर तीळबीळ काही दिसलं नाही. एकदा एका विधवा बाईंनी नवऱ्याचा फोटो परत आणून दिला होता. कपाळावरची खोक काकांनी मायेने बुजवली होती. "हे आमचे नाहीत," एवढंच बोलून बाई निघून गेल्या होत्या. तेव्हा काकांना त्यांचा राग आला होता.

ते उठले. "छापखान्याचा दोष नाही. मी पुसला."

सगळी डोकी मागे वळली. साहेबांचं हसू मावळलं.

"मला डाग वाटला. म्हणजे तो होता, बाई. नसता तर पुसला कशाला असता? मूळ चित्रात आहे. चला, दाखवतो."

कुणीतरी फिसकन हसलं. पण पत्रकार बाई खरंच उठल्या, आणि त्यांच्यामागे सगळे चित्र विभागात गेले. काकांच्या संगणकावर संशोधिकेने मूळ चित्र उघडलं आणि काठीशिवायच तो ठिपका दाखवला.

काकांना सक्त ताकीद मिळाली. संशोधिका मात्र कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही; चहाच्या वेळी नेमकी दुसऱ्या टेबलावर. काकांनी मनधरणी केली नाही. तोंड कुठल्या तोंडाने उघडणार?

मग एका दुपारी ती एका दीर्घिकेचं नवं चित्र घेऊन आली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. काकांनी तांबडा दिला, निळा दिला. एका कोपऱ्याशी त्यांचा हात थांबला.

"पोरी, हा डाग आहे, की कुणी आहे?"

तिने वाकून पाहिलं.

"माहीत नाही, काका. राहू दे."