काचेचं दुसरं टोक

गल्लीत तिला सगळे काचवाली म्हणत, पण दुकान दोघांचं होतं. नवरा मापं घ्यायचा, ती हिऱ्याने काच चिरायची. मोठी काच पोहोचवायची असली की एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. एवढ्या वर्षांत काचेनं त्याला साधं ओरबाडलं नाही. आणि गेला कसा, तर जेवता जेवता. मान टाकली, घास हातातच राहिला.

सकाळपासून डावा हात दुखतोय म्हणत होता. तिने बाम चोळून दिला होता.

सासूबाई तेव्हा लेकीकडे होत्या. धावत आल्या त्या मुलाचं शेवटचं तोंड बघायला. रडल्या नाहीत. पुढे दोघी एकाच छपराखाली राहिल्या, पण बोलणं कामापुरतं. ‘चहा झालाय’, ‘दार लावून घे’, संपलं. सासूबाईंच्या ओठांवर काहीतरी यायचं आणि त्या ते गिळायच्या. ते काय होतं, हे काचवालीला न सांगता कळत होतं.

दुकान बंदच होतं. एके दिवशी बेकरीवाला दारात येऊन ओशाळून उभा राहिला.

“वहिनी, ही वेळ नाही, कळतंय मला. पण शोकेसची काच फुटलीय. पुठ्ठा लावून बसलोय. जमणार नसेल तर सांगा, दुसरीकडे बघतो.”

“जमेल,” तिच्या तोंडून निघून गेलं.

काच कापून झाली, पण उचलणार कोण? दिराला फोन केला. “वहिनी, माझ्याच्यानं नाही होणार. दादाच्या जागी उभं राहायचं म्हणजे...” त्याने फोन ठेवून दिला.

सासूबाई आतून बाहेर आल्या. “मी धरते.”

“आई, तुमचे गुडघे...”

“काच गुडघ्यांनी धरतात का? हातमोजे दे.”

दोघी निघाल्या. सासूबाई पुढे, ती मागे, मध्ये उभी काच. नाका ओलांडला आणि मागे न बघताच सासूबाईंनी विचारलं,

“तुला कळलं कसं नाही गं?”

कान झाकायलाही तिचा हात मोकळा नव्हता.

“हात दुखतोय म्हणाले. मला वाटलं, काचा उचलून भरून आला असेल.”

“डॉक्टरकडे न्यायचं सुचलं नाही?”

“नाही सुचलं, आई.”

सासूबाई थांबल्या. काच थरथरली. क्षणभर तिला वाटलं, द्यावी सोडून, होऊ देत तुकडे. पण पलीकडे म्हातारी होती.

“पुढे खड्डा आहे,” सासूबाई म्हणाल्या. “डावीकडून चल.”

काच चौकटीत बसली, तशा सासूबाई बेकरीतल्या स्टुलावर बसल्या आणि हातमोजे न काढताच हंबरडा फोडून रडल्या. पाव घ्यायला आलेली माणसं दारातच थबकली. बेकरीवाला पाण्याचा पेला घेऊन नुसताच उभा. काचवालीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण ती कडेच्या फटीत लांबीचा लगदा भरत राहिली. काच अर्धवट सोडून चालणार नव्हतं. शेवटची कड दाबून झाल्यावरच ती सासूबाईंजवळ जमिनीवर बसली.

त्यांनी तिला माफ केलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही, आणि तो विषय त्यांनीही पुन्हा काढला नाही.

दुकान उघडलं. मोठ्या काचांची कामं तिने सोडून दिली. आता खिडक्या, आरसे, तसबिरी, एवढंच. दिवस उगवतो, काम होतं, दिवस मावळतो. दुपारी सासूबाई येऊन काउंटरमागे बसतात. एखादं नवखं गिऱ्हाईक विचारतं, “मालक कुठे आहेत?” काचवाली हातातली काच पुसत राहते.

सासूबाई मान वर करतात.

“गेला तो,” त्या म्हणतात. “माप सांगा.”