सारिकाशिवाय सुरू झालेला सर्व्हर

वडनेर भोलजीच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत सराव परीक्षेचा सर्व्हर सारिका सांभाळायची. क्लास एकही केला नाही, जुन्या कॉम्प्युटरशी भांडून शिकली. रोज सकाळी येऊन काळ्या स्क्रीनवर कमांड देत ती आधी प्रश्न साठवलेला डेटाबेस सुरू करायची, मग परीक्षेचं पान दाखवणारी सर्व्हिस. क्रम चुकला की परीक्षा उघडतच नसे.

उद्या शेगावला तिचीच भरती परीक्षा होती आणि इथं चाळीस पोरींचा शेवटचा सराव.

"तुह्याबिगर हे चालू कोन करीन वं?" अभ्यासिका चालवणारे सहदेवकाका म्हणाले.

"मी काय या मशीनचं बटन हाओ?" सारिका भडकली. तिनं परीक्षेच्या सर्व्हिसची फाइल उघडून लिहिलं, की हिला डेटाबेस लागतो आणि तो उठल्यावरच हिनं उठायचं. मशीन चालू होताच दोन्ही आपोआप सुरू व्हावीत, अशी कमांडही दिली. मग मशीन रीस्टार्ट केलं. कुणी हात न लावता परीक्षेचं पान उघडलं.

"मंग इतके दिवस रोज काऊन येत होती?"

"तुम्ही सारे वाट पाहत बसता, ते मले बरं वाटे, काका," ती हसली आणि स्वतःचं हॉलतिकीट शोधायला लागली.