यादीत नसलेलं पान

एरंडोलात मध्यंतरी एक आवई जोरात होती. रईसा बाइंडर म्हणे वाचनालयाच्या कादंबऱ्यांतली चुंबनं कापून काढते आणि भेळवाल्याला रद्दीत देते. स्टँडवरच्या भेळीचा खप त्या आठवड्यात वाढला, एवढं मात्र खरं. पोरं भेळ संपवून कागद उलटसुलट करून वाचत आणि प्रत्येकाच्या हाती दहावीच्या गाईडातला मान्सून येई. बाकी सगळं खोटं. सव्वीस वर्षांत रईसानं कोणत्याही पुस्तकाचं एक पान कापलेलं नाही. तिला कापायला सांगितलं होतं, आणि ती भडकली होती ती त्यावरूनच.

रईसाचं घर कागदी गल्लीत. तिच्या नवऱ्याचा, अन्वरचा, आजोबा हातानं कागद करायचा. कागद गेला, बांधणी तेवढी राहिली. ओट्यावर पुस्तकं दाबायचा शिकंजा, शेजारी मैद्याच्या खळीचं पातेलं, त्यात वाळवी लागू नये म्हणून मोरचुदाची चिमूट. अन्वर पुठ्ठे कापतो, आणि बायको बोलायला लागली की आणखी सावकाश कापतो. ती बोलते पुष्कळ. सकाळी बकरीवर, दुपारी लाइटवर, संध्याकाळी अन्वरवर, आणि यातलं कोणीच हाताशी नसेल तर पुस्तकावर. एखाद्या पुस्तकाची पाठ उलटी मोडलेली दिसली की मोडणाऱ्याच्या सात पिढ्या ओट्यावर हजर होतात.

कादंबऱ्या वाचायची तिला सवय नव्हती. तिचं वाचन बाहेरून चालायचं. बंद पुस्तक उजेडात आडवं धरायचं आणि पानांच्या कडा बघायच्या. जिथे बोटं जास्त लागली तिथे कड काळपट पडलेली असते. पाककृतीच्या पुस्तकावरून ती सांगायची, या घरी फक्त गोड होतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकावरून सांगायची, पोरगा साठाव्या पानापर्यंत पोचला आणि तिथेच झोपला. लोक हसायचे, पण आपली पुस्तकं तिच्याकडे द्यायच्या आधी कडा पुसून घ्यायचे.

वाचनालयाचं काम तिला पहिल्यांदा दिलं ते ज्ञानेश्वर नानांनी. तेव्हा ते हेडमास्तर होते, आता वाचनालयाचे कार्याध्यक्ष आहेत. बाईमाणसाला काम द्यायचं का, अशी कुजबुज झाली तेव्हा नानांनी तिनं बांधलेली वही टेबलावर आपटून दाखवली होती. ती वही तुटली नाही आणि नानांचा शब्दही मोडला नाही. म्हणून रईसा साऱ्या गावाला एकेरीत घेते, नानांना घेत नाही.

तर गेल्या वर्षी ग्रंथपाल हेमांगीताईंनी एक तीन भागांची कादंबरी आणली. इंग्रजीवरून मराठीत केलेली, नाव ‘तटबंदी’. सगळं जग बुडून झाल्यावर उरलेलं एक शहर, भोवती तट, आत एक मंडळ. मुलगी सतरा वर्षांची झाली की मंडळ तिच्या हातात चिठ्ठी देतं, तू अमुक काम करायचं आणि अमक्याशी लग्न करायचं. नायिकेचं नाव सेरा. तिच्यावर दोन मुलगे जीव टाकतात, एक तटावरचा पहारेकरी आणि दुसरा मंडळाचाच कारकून. सहा महिन्यांत पहिल्या दोन भागांच्या पाठी खिळखिळ्या झाल्या. कॉलेजच्या मुली नंबर लावून न्यायच्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या कपाटातले थोर ग्रंथ तसेच करकरीत उभे होते, आणि ते बघून नानांना वाईट वाटायचं, हेही खरं आहे.

त्या मुलींत धनसिंगची पुनम होती. धनसिंगचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, माणूस सरळ आहे, आवाज मोठा आहे. पुनमला बघायला चाळीसगावहून पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला आणि पुनम पाहुण्यांसमोर काहीतरी बोलली. काय ते धनसिंग कोणाला सांगेना. पाहुणे बडीशेप न घेता गाडीत बसले एवढं गल्लीनं पाहिलं. मग धनसिंगनं पोरीच्या खोलीत झाडाझडती घेतली, उशीखाली ‘तटबंदी’चा दुसरा भाग सापडला, त्यानं तो मधूनच उघडला आणि नेमकं चुंबन लागलं. तो तसाच पुस्तक घेऊन नानांकडे गेला. असली पुस्तकं देता म्हणून पोरी हाताबाहेर जातात, म्हणाला.

नाना घाबरले. आयुष्यभर शाळा चालवलेला माणूस पालकाला जेवढा घाबरतो तेवढा साहेबाला घाबरत नाही. त्यांनी तिन्ही भाग चाळले, बारा पानांची यादी केली आणि बांधणीच्या गठ्ठ्याला टाचून रईसाकडे पाठवली. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘वरील पाने काढून बांधणी करावी.’

रईसा यादी घेऊन चपला घालायच्या आधी निघाली आणि अर्ध्या रस्त्यातून चपलांसाठी परत आली. वाचनालयात तिनं नानांना नीट समजावलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी शिवलेलं असतं. एका बाजूचं पान काढलं की घडीच्या दुसऱ्या बाजूचं त्याचं जोडीदार पान सुटतं. नाना म्हणाले, मग ते डिंकानं चिकटवा. हेमांगीताई रजिस्टरात बघत राहिल्या. रईसा काही न बोलता परत आली, आणि ती काही बोलली नाही हे कळल्यावर अन्वरनं त्या दिवशी पुठ्ठे कापायचंच बंद ठेवलं.

ती खळीवर चिडली, खळी करपवली. दोरा ताणून तोडला. तिचं म्हणणं एकच होतं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्यावर ती छोटी चिठ्ठी लावते, ‘बांधणी : रईसा अन्वर’. पान कापलेल्या पुस्तकाला ती चिठ्ठी लावायची, म्हणजे डॉक्टरानं हात तोडून पेशंट बरा झाला म्हणून सही करायची. आणि नानांना नाही म्हणायचं, म्हणजे ज्यांनी टेबलावर वही आपटली त्यांनाच. गठ्ठा पंधरा दिवस शिकंज्याखाली तसाच पडून राहिला.

तेवढ्यात नानांनी वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, ‘पालकांनी निश्चिंत राहावे. आक्षेपार्ह पाने बाइंडरकडून काढून घेण्यात आली आहेत.’ आवई निघाली ती इथून. कापणारीचं नाव लिहिलेलं नव्हतं, पण एरंडोलात बाइंडर आहेत किती? ज्या मुली येता-जाता ‘आपा, आपा’ करायच्या त्या आता ओट्यापाशी आल्या की मोबाईलमध्ये बघत जाऊ लागल्या. भेळवाल्यानं तर तिलाच विचारलं, नवा माल कधी येणार. त्याला जे उत्तर मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एका दुपारी पुनम ओट्यासमोर येऊन उभी राहिली. बसली नाही.

“आपा, कापायचं ते कापा. मला तिसरा भाग मिळालेला नाही. शेवटी सेरा तटाचं दार उघडून बाहेर जाते का, तेवढं सांगा.”

“मला काय माहीत? मी काय वाचलंय?”

“न वाचताच कापता?” पुनम म्हणाली आणि निघून गेली.

हे मात्र लागलं. मी कापलं नाही, असं ओरडून सांगण्याइतकाही वेळ त्या पोरीनं दिला नव्हता. रईसानं शिकंजा सैल केला, पहिला भाग काढला आणि भर दुपारी भिंतीला टेकून बसली. अन्वरनं चहा केला. लग्नाच्या तिसाव्या वर्षी त्यानं प्रथमच आपण होऊन चहा केला, इतका तो हादरला होता.

चार दुपारी ती वाचत होती आणि चारही दुपारी भांडत होती. एवढं मोठं शहर आणि एकाच्याही घरी चूल पेटत नाही, ही माणसं खातात काय? त्या दोन्ही पोरांचे केस सदा डोळ्यांवर, त्या तटाच्या आत न्हावी नाही का? सेरा तिसऱ्यांदा बेशुद्ध पडली तेव्हा रईसानं पुस्तक आपटलं आणि लगेच पाठ तपासली. चुंबन आलं ते तिनं अन्वरला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग अन्वर म्हणाला की यात कापण्यासारखं काय आहे, पाऊस पडतोय आणि दोघं भिजताहेत, सर्दीची भीती तेवढी आहे.

पण दुसऱ्या भागात ती एका जागी थांबली. सेराला मंडळासमोर उभं करतात. अध्यक्ष चिठ्ठी वाचतो, तुझं ठरलं आहे. ती म्हणते, “ठरलं असेल. मला विचारलं कोणी?” त्या दालनात हा प्रश्न कोणी कधी विचारलेलाच नसतो. तो कारकून पोरगा लेखणी खाली ठेवतो. तो तिला पहिल्यांदा आवडतो तो तिथे, पुढे पावसात नव्हे.

रईसानं पुस्तक मिटलं आणि सवयीनं कड उजेडात धरली. एक बारीक काळी रेघ होती. नखानं उघडलं, तर तेच पान निघालं. दोनशे तीन. हळदीचं बोट, शाईचं बोट, तेलाचं बोट, वरच्या कोपऱ्याला दुमडून दुमडून कागद कापडासारखा मऊ झालेला. मग नानांची यादी घेऊन तिनं ती बारा पानं बघितली. करकरीत. पोरींनी ती वाचली होती आणि पुढे गेल्या होत्या.

रईसाचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि सातवीनंतर घरी बसलेली. मेंदी कालवणाऱ्या बाईला तिनं विचारलं होतं, ही कोणासाठी. बाई हसल्या होत्या. अन्वर भला निघाला, ती नशिबाची गोष्ट. पण ते हसणं तिला त्या दुपारी परत ऐकू आलं आणि रागानं तिचे कान तापले.

तिनं पुनमला हाक मारून बोलावलं. गठ्ठा पुढे ठेवला, मोजून घे म्हणाली, एक पान कमी असलं तर माझा हात काप. राग वाढला की तिचं मराठी गावाकडचं, अहिराणी होतं. “बठ्ठी पानं जागावर शेतस, सगळीच्या सगळी. आता सांग, पाहुण्यांसमोर काय बोललीस?”

पुनमनं खाली बघत सांगितलं. मुलगा म्हणाला, आमच्याकडून पक्कं आहे. बाबा म्हणाले, आमच्याकडूनही. “मी म्हटलं, मला विचारलं कोणी?”

रईसानं खळीचं पातेलं चढवलं आणि दोन दिवसांत तिन्ही भाग असे बांधले की नानांच्या टेबलावर काय, घाटावरून टाकले तरी सुटणार नाहीत. चिठ्ठीही लावली.

शनिवारी संध्याकाळी वाचनालयात नाना होते, धनसिंग खातरजमा करायला आलेला होता, आणि मुली होत्या, कारण पुनमनं मुलींना सांगून ठेवलं होतं. रईसानं तिन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. नानांनी दुसरा भाग उघडला, यादीतलं त्या भागाचं पहिलं पान शोधलं आणि चष्मा वर केला. पान जागेवर होतं.

रईसानं त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं आणि खिडकीच्या उजेडात धरून कड दाखवली. तुमची बारा पानं बघा, म्हणाली, स्वच्छ आहेत. काळं कोणतं पडलंय ते बघा. नानांनी दोनशे तीन काढलं आणि वाचलं. वाचून पुस्तक धनसिंगच्या पुढे सरकवलं. धनसिंगनंही वाचलं. त्याचा मोठा आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. त्यानं एकदा पुनमकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरून स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला. स्कूटर चालू मात्र केली नाही.

नानांचा चेहरा लाल झाला होता. सगळ्यांसमोर, आणि तेही आपणच उभ्या केलेल्या बाईकडून. ते म्हणाले की वाचनालय कसं चालवायचं ते रईसाबाईंनी शिकवू नये, आणि पुढच्या महिन्यापासून बांधणीचं काम जळगावला पाठवलं जाईल. हेमांगीताईंनी तिसरा भाग ओढून घेतला, त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि पुनमच्या हातात दिला. नोकरीच्या सहा वर्षांत त्या बाईनं नानांना न विचारता केलेलं ते पहिलं काम.

नाना रईसाकडे वळले. “तुम्ही बाइंडर आहात. सांगितलं तेवढं काम करायचं होतं.”

“तेवढंच केलं, नाना. सुटलेली पानं बांधली. जळगाववाल्याला यादी द्याल तेव्हा दोनशे तीन नंबर पहिला लिहा, आणि का कापायचं ते खाली तुमच्या सुवाच्य अक्षरात लिहून सही करा.”