आरशासमोरची दृष्ट

महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी मी राजाजीनगरहून जे. पी. नगरला चेटकिणींच्या बैठकीला जाते. हे वाक्य मराठीत लिहिलं की माझं मलाच हसू येतं. तिकडे सगळा कारभार इंग्रजीत चालतो आणि इंग्रजीत तो कसा भारदस्त वाटतो: विचक्राफ्ट, पेगन, मून सर्कल. मराठीत चेटकीण म्हटलं की मोकळ्या केसांची, पिंपळावरची कुणीतरी डोळ्यांसमोर येते. आई असती तर म्हणाली असती, "पुण्यात काय कमी होत्या, म्हणून बंगळूरला जाऊन शोधल्यास?"

प्रत्यक्षात आम्ही सात-आठ नोकरदार बायका. कुणी शिकवणारी, कुणी बँकेतली, मी सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका काढणारी. एकीच्या गच्चीवर सतरंजी घालायची, मेणबत्त्या लावायच्या, चंद्र दिसला तर त्याच्याकडे बघायचं, नाही दिसला तरी बघायचं. महिनाभरात काय सोडून द्यावंसं वाटलं ते कागदावर लिहून जाळायचं. मग लेमन राइस खायचा आणि घरी यायचं. माझा या सगळ्यावर किती विश्वास आहे असं विचारू नये. मी जाते, एवढं खरं.

पहिल्यांदा गेले ती ऑफिसातल्या एकीच्या आग्रहाखातर. टिकले ती एका हाताच्या हालचालीमुळे. आमचं मंडळ चालवणाऱ्या बाई के. आर. पुरमहून येतात, फिजिओथेरपिस्ट आहेत, बोलतात कमी. बैठक सुरू होण्याआधी त्या प्रत्येकीच्या अंगावरून धूर फिरवतात, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. माझी पाळी आली आणि तो हात माझ्या खांद्यावरून खाली गेला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आई जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. आई अशीच हात फिरवायची. फरक इतकाच की तिच्या मुठीत मीठ-मोहऱ्या असायच्या.

त्या धुराची एक गोष्ट सांगायला हवी. आधी त्या बाई परदेशातून मागवलेल्या पांढऱ्या सेज नावाच्या पाल्याच्या जुड्या जाळत. मग त्यांच्या कुठेतरी वाचनात आलं की ही वनस्पती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पूजेतली, आणि त्यांना त्यांचेच विधी करायला सरकारने वर्षानुवर्षं बंदी केली होती. आता जगभर ती फॅशन म्हणून विकली जाते आणि रानातून उपटून नेली जाते. पुढच्या बैठकीला त्यांनी उरलेली जुडी दाखवली आणि सांगितलं, "ही संपली की पुन्हा नाही. ज्यांची आहे त्यांना आपण विचारलं नव्हतं." तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दुकानातला ऊद आला, ज्याला इथे सांब्राणी म्हणतात. आणि एक नियम आला: दुसऱ्याच्या घरातलं काही घ्यायचं तर आधी त्या घराला विचारायचं. मला तेव्हा हे जरा जास्तच सोवळं वाटलं होतं. माझ्या घरापर्यंत हा नियम येईल असं कुठे माहीत होतं.

एकदा लेमन राइस खाता खाता मी त्यांना आईच्या दृष्ट काढण्याची गंमत सांगितली. दृष्ट काय ते त्यातल्या बहुतेकींना ठाऊक होतं. कुणाकडे लिंबू, कुणाकडे कापूर, कुणाकडे कोहळा. पण आईची तऱ्हा निराळी होती. आई शाळेत विज्ञान शिकवायची. माझा दहावीचा निकाल, पहिली नोकरी, ताप, नवा ड्रेस, काहीही निमित्त झालं की तिन्हीसांजेला मला पाटावर बसवायची आणि मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन उतरवायची. "विज्ञान शिकवतेस ना गं?" असं मी चिडवलं की म्हणायची, "माझा विश्वास नाहीच. पण काढली नाही तर झोप येत नाही." मी बंगळूरला आले तेव्हा तिने यावरही उपाय काढला. व्हिडिओ कॉल लावायची, फोन डब्याला टेकवून ओट्यावर उभा करायची आणि मूठ फोनभोवती फिरवायची. मला इकडे आईचं मनगट, बांगड्या आणि मधूनच छताचा पंखा दिसायचा. मीठ जाऊन जाऊन फोनचं चार्जिंगचं भोक बुजलं. दुकानदाराने विचारलं, "काकू, फोन लोणच्यात घातला होता का?" मिरच्या गॅसवर टाकल्या की ती नाक वर करून वास घ्यायची आणि विजयी स्वरात सांगायची, "बघ, ठसकासुद्धा नाही. केवढी लागली होती."

सगळ्या हसल्या. त्यांच्यात एक नवीन मुलगी होती, डिझायनर, आखाती देशात वाढलेली, घरात असलं काही कधी न पाहिलेली. ती हसली नाही, नीट ऐकत राहिली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पुढच्या बैठकीला ती एक उभा आरसा घेऊन आली. आरशासमोर बसली, मुठीत मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेतल्या आणि स्वतःच्याच डोक्यावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून मूठ फिरवायला लागली. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर गाढ समाधान. स्वतःची दृष्ट स्वतः. झाल्यावर माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाली, "तुझ्या आईचीच पद्धत. फक्त एकटीने करता येईल अशी केली. आपण सगळ्या एकट्याच राहतो ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसावं की तिच्या हातातल्या मिरच्या हिसकावून घ्याव्यात, कळेना. मी म्हटलं, "असं नसतं." ती घाबरली. "मग कसं असतं?" मी तोंड उघडलं आणि सांगता काही येईना, कारण रडू फुटलं. सॉफ्टवेअर तपासणारी, चाळिशीला टेकलेली बाई गच्चीवर मेणबत्त्यांमध्ये बसून मुसमुसते आहे, हे दृश्य माझं मलाच आवडलं नाही.

चूक काय झाली ते मला नंतर मेट्रोत बसल्यावर कळलं. आपली दृष्ट आपल्याला काढता येत नाही, साधी गोष्ट. काढणारं माणूस लागतं. त्या पोरीने मीठ बरोबर घेतलं होतं, मिरच्या बरोबर घेतल्या होत्या, आणि माणूस तेवढं वगळलं होतं. रागाचं खरं कारण याच्याही पुढचं होतं. तिने एकटीने केलं, आणि माझ्याकडे तरी दुसरं कोण होतं?

त्या संध्याकाळी निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "पुढच्या बैठकीला सगळ्यांनी हे करावं असं तिच्या मनात आहे. तू आणि तुझ्या घरचे हो म्हणाल तरच. त्यात शब्द असतील तर ते सांगायचे की नाहीत, हेही तुम्हीच ठरवा." इतक्या अदबीने मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि लक्षात आलं की घरी विचारायला कुणी नाही. वडील लहानपणीच गेले. आईला विचारायचं ते सगळं राहून गेलं, त्यात शब्दही राहिले. शब्द ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. मी विचारलं की म्हणायची, "ऐकायचे नसतात, आणि मध्ये बोलायचं नसतं, मोडते." मोठी झाल्यावर मी विचारणंच सोडलं. दृष्ट म्हणजे आई करायची ती कटकट, असंच धरून चालले. आता त्या पुटपुटण्यातला एक शब्द कुणी दिला असता तर मी काय वाटेल ते दिलं असतं. खूप आठवण येते, असं लिहिताना लाज वाटते, पण येते.

शेवटी मी खाली अक्कांकडे गेले. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांचं मराठी घराणं इथे तीनशे-साडेतीनशे वर्षांपासूनचं, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना मला अजूनही अर्धा क्षण थांबावं लागतं. बँकेतून निवृत्त होऊन झाडांमागे लागल्या आहेत. मी गेले तेव्हा कुंडीतली माती उकरत होत्या. मी आरशासकट सगळं सांगितलं. फक्त चेटकिणी म्हणायचं टाळलं.

"तुझं ते मेणबत्तीवालं मंडळ ना," अक्का म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. "दृष्टी काढणं दुसऱ्यांना सांगायचं नाही म्हणून कोण सांगितलं तुला? सुम्ने, उगाच काहीतरी. घरोघरी, सगळ्यांच्या मनेत असतं ते."

"म्हणजे सांगू?"

"सांग की. पण आरशात बघून करायचं म्हणजे? स्वतःच्या पाठीवर स्वतः थोपटल्यासारखं. ते होईना." मग त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि हात झटकले. "आणि तुझी कोण काढतं, मगळे?"

मगळे म्हणजे लेकी. अक्का मला एरवी नावाने हाक मारतात.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"आई गेल्यापासून?"

मी मान हलवली. अक्का पुन्हा मातीत हात घालून बसल्या. मी वर निघून आले.

त्या रात्री मी बाईंना मेसेज केला की आरशासमोर नको, ज्याला दृष्ट काढून हवी त्याला दुसरं माणूस लागतं, आणि शब्द मला येत नाहीत. त्यांचं लगेच उत्तर आलं: "कळलं. मग आपण हे घेणारच नाही. ते तुमच्याकडेच राहू दे." त्या डिझायनर मुलीनेही माफी मागितली आणि तो आरसा परत घरी नेल्याचं सांगितलं. सगळं कसं शिस्तीत, माझ्या मनासारखं झालं. आणि मला फार वाईट वाटलं. तुमच्याकडेच राहू दे, म्हणाल्या. माझ्याकडे होतं कुठे? मिरच्यांचा डबा होता. मी नको म्हटलं आणि त्यांनी ऐकलं, यात दुखण्यासारखं काही नाही, हे मला कळत होतं. तरी वाटलं, कुणीतरी जरा हट्ट करायचा होता. कुणीतरी म्हणायचं होतं, चल बस, मी काढते, मला जशी येते तशी.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी मी बैठकीला जायला जिना उतरले, तर अक्का दारातच उभ्या. "स्वल्प आत ये," म्हणाल्या.

आत पाट मांडलेला होता. शेजारी वाटीत मीठ आणि मोहऱ्या, वर मिरच्या, आणि आमच्याकडे नसतात त्या केरसुणीच्या दोन काड्या. मला म्हणाल्या, "पूर्वेकडे तोंड कर. तुमच्याकडे कसं काय गोत्तिल्ला, ठाऊक नाही, मला माझ्या अम्माचं येतं तसं करते. सरी ना?"

"चालेल," मी म्हटलं आणि पाटावर बसले.

"आता बोलू नको मध्ये."

मी डोळे मिटले. अक्कांची मूठ डोक्याशी आली. हाताला कुंडीतल्या ओल्या मातीचा वास होता, मिरच्यांचा होता, आणि पुटपुटणं सुरू झालं. मी कान टवकारले. ऐकायचे नसतात हे ठाऊक होतं, पण इतकी वर्षं मी ज्याला मंत्र समजत होते ते दोन हातांवर आलं होतं. आणि मंत्र नव्हताच तो. ती नुसती माणसं होती. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, एकामागून एक नजरा: दारच्यांची, रस्त्यावरच्यांची, आल्यागेल्यांची, ऑफिसातल्यांची, ऑटोवाल्याची, शेजाऱ्यांची, तुझं बरं बघणाऱ्यांची, वाईट बघणाऱ्यांची. मूठ खांद्यावरून खाली आली. माझ्याकडे जगात इतकी माणसं बघत असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं. सावकाश एकेकाची नजर उतरत होती आणि मला हलकं वाटत होतं, खरंच वाटत होतं, विश्वास नसताना.

मूठ पुन्हा वर गेली. आता घरची माणसं आली. आजीची, आजोबांची. बापाची. आईची.

"अक्का," मी म्हटलं. डोळे मिटलेलेच होते. "आईची तेवढी राहू द्या."

मूठ माझ्या कानाजवळ थांबली. मध्ये बोलले होते, मोडली होती. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. अक्कांनी एक लांब श्वास घेतला.

"सरी," त्या म्हणाल्या. आणि मूठ डोक्याशी नेऊन पहिल्यापासून सुरुवात केली, दारच्यांची, रस्त्यावरच्यांची. या वेळी बापाची झाल्यावर हात फिरत राहिला. ओठ तेवढे थांबले.