एकच सायरन

बार्शीहून निघाले तेव्हा पिशवीत भाचीसाठी शेंगाचटणी होती आणि मनात तिचं कौतुक. रंजना चाकणच्या कंपनीत लाइन लीडर (अकरा मुलींच्या गटाची प्रमुख) झाली होती. ‘मावशी, फॅमिली डे आहे, यायचंच,’ असा तिचा हुकूम. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण कारखाना आतून कधी पाहिला नव्हता.

कासारवाडीहून चाकणची बस घेतली. मोशीपुढे गाड्या ठप्प. मे महिन्याची दुपार, अंगाची नुसती काहिली. तेवढ्यात धुळीचा लोट उठला आणि दुचाकीवाले पटापट फ्लॅटच्या जाहिरातींच्या अवाढव्य फलकांखाली जाऊन थांबले.

“अहो, तिथे काय उभे राहता?” मी खिडकीतून ओरडले.

“आडोसा हाय ना, मावशी!” एक जण हसला.

आडोसा म्हणे! वाऱ्याने आधी कोसळतात ते हेच फलक, पण सांगायचं कुणाला?

कंपनीत मिसळ मात्र फक्कड मिळाली. हात धुवायला बाहेर आले तर आकाश काळंनिळं झालेलं, आणि ढगाच्या तळातून सोंडेसारखं काहीतरी गरगरत खाली लोंबत होतं. फाटकावरचे वयस्क वॉचमन तुकारामभाऊ, इथल्याच गावचे, निवांत म्हणाले, “वावटळ हाय, मॅडम. धूळ उडवती अन् जाती.”

“अहो, वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते. ही ढगातून खाली उतरतेय! याला टोर्नेडो म्हणतात. आपल्याकडे क्वचित होतो, पण झाला तर आवरायला वेळ देत नाही. आत चला!”

“ड्युटी हाय,” ते म्हणाले.

मी आत धावले, तोच वादळ पाहून कुणीतरी सायरन वाजवला. त्या कंपनीत सायरन एकच, आगीचा. आणि शिकवणही एकच: सायरन झाला की असेंब्ली पॉइंटवर (सगळ्यांनी जमायच्या मोकळ्या जागेवर) जायचं. त्या जागेवर ऊन लागू नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर ठोकलेलं! माणसं शिस्तीत रांग लावून वादळात निघाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“रंजना, बाहेर जाऊ नकोस!”

“मावशी, नाही गेले तर मेमो मिळेल. कन्फर्मेशन अडकेल माझं, कायम करणार नाहीत.”

“वारा तुझं कन्फर्मेशन बघणार आहे का?”

तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मुलींकडे. मग कडाडली, “सगळ्या जिन्याखालच्या स्टोअरमध्ये! हेल्मेट काढू नका!”

तळमजल्यावरची, बिनखिडकीची, काँक्रीटची ती खोली. आम्ही भिंतीशी उकिडव्या बसलो, डोकी गुडघ्यांत, मानेवर हात. बाहेर असा आवाज झाला की पोरी आईच्या नावाने रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

बाहेर आलो तेव्हा असेंब्ली पॉइंटचं छप्पर खांबांसकट कुंपणापलीकडे पडलं होतं. रांग अर्ध्या वाटेतून मागे पळाली म्हणून माणसं वाचली. पुढे उभे राहून ‘मागे फिरा’ अशा हाका मारणाऱ्या तुकारामभाऊंचा दंड मात्र पत्र्याने फाडला होता. त्यांना गाडीत घालताना ते पुटपुटले, “वावटळ न्हवती, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी रंजनाला खरंच मेमो मिळाला. सायरन होऊनही गटासह गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा द्या! अकरा पोरी धडधाकट घरी गेल्या, त्याचं कुणाला काही नाही.

“काय लिहू गं, मावशी? माफी मागू?” तिने बस स्टँडवर विचारलं.

“खबरदार!” मी म्हटलं. तिचं पेन घेतलं आणि पिशवीवर कागद टेकवून तिच्या वतीने एकच वाक्य लिहून दिलं. सही करताना ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

‘मी असेंब्ली पॉइंटवर नव्हते, कारण असेंब्ली पॉइंटच जागेवर नव्हता.’