चार वाजताची मेथी

आमच्या वृद्धनिवासात आम्हाला इकडची काडी तिकडे करावी लागत नाही. तरी स्वयंपाकघरातली पौडची ती बाई रोज चार वाजता माझ्यापुढे मेथीची जुडी टाकते. "काका, लई काम पडलंय. एवढी निवडून द्या." आणखी पाच जण आधीच माना खाली घालून निवडत असतात.

थोड्या वेळाने ती येते, माझ्या ढिगात बोटं घालते आणि जून देठ काढून माझ्याच हातावर ठेवते. "हे कोन खानार?" बायको गेल्यापासून मला असं कुणी बोललं नव्हतं.

पण आमच्या ताटात मेथी कधी येतच नाही. कायम दुधी, नाहीतर दोडका. परवा फाटकाशी पाहिलं, तर निवडलेल्या मेथीच्या पिशव्या तिचा नवरा टेम्पोत भरत होता.

"ही आमची मेथी ना?" मी त्याला विचारलं.

"व्हय. हिंजवडीला इकतो. तितल्या लोकांना निवडायला येळ कुटंय? तुमाला हाय."

त्या बाईने आम्हाला फसवलं की सांभाळलं, हेच मला कळेना. शेवटी काल व्यवस्थापकांकडे तक्रार करायची ठरवली आणि जेवणघरात कागद घेऊन लिहायला बसलो. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात चार वाजले. ती जुडी टाकून गेली.

देठ ठेवायला काहीतरी हवं होतं. मी तो कागद पुढे ओढला.