हरळीतले गोचीड

देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती, माझं लग्न होऊन सहा, आणि घरात अजून पाळणा हलला नव्हता. किन्हीराजा गावातल्या बायकांना त्याची माझ्यापेक्षा जास्त घाई. सासूबाई मात्र कधी टोचून बोलल्या नाहीत. त्यांनी सरळ गणपतीला नवस केला: रोज एकवीस दूर्वा वाहायच्या, आणि माझी कूस उजवेपर्यंत घरात कुणाच्या हातून एकही जीव मरू द्यायचा नाही.

"जीव मांगाचा आन् जीवच माराचा, हे कसं जमन?" त्या म्हणायच्या.

दूर्वा परसातल्याच. न्हाणीच्या सांडपाण्यावर तिथे हरळीचा एक तुकडा बारमाही हिरवा असे. त्याच्या कडेलाच आमची कालवड बांधलेली. तिची आई व्यायली आणि आठवड्यात मेली. दुधात बोटं बुडवून चाटवत मी तिला वाढवली. लेकरू म्हणा, काय म्हणा, माझं तेवढंच होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला गोचीड झाले. कानात, गळ्याखाली, शेपटीच्या बुडाशी. दुसऱ्या घरी गोचीड उपटून घासलेटच्या डब्यात टाकत. आमच्या सासूबाई एकेक अलगद काढायच्या, पळसाच्या पानावर घ्यायच्या आणि हरळीत नेऊन सोडायच्या, लेक सासरी धाडावी तसं. मला हसू यायचं, संतापही यायचा. पण नवस माझ्यासाठी होता. बोलणार कुठल्या तोंडानं?

काढावेत तितके वाढतच गेले. कालवडीनं चारा सोडला, आणि एके दिवशी ती उठेचना. त्या सकाळी दूर्वा खुडताना मी हरळी बाजूला सारली. मुळाशी एक टम्म फुगलेला गोचीड आणि त्याच्यापुढे खसखशीएवढ्या तपकिरी अंड्यांचा ढीग. पलीकडे दुसरा, तिसरा. पेरणी आम्हीच करत होतो आणि पीक कालवडीच्या अंगावर येत होतं.

सासूबाईंना मी हाताला धरून आणलं आणि ओरडलेच, "पाहा आत्याबाई, तुमचं पुण्य!"

त्या उकिडव्या बसून बराच वेळ पाहत राहिल्या. मग कालवडीपाशी गेल्या, तिच्या कानावरून हात फिरवला. "हिले माय नाही," एवढंच म्हणाल्या.

दोघींनी मिळून तिला ओढत पुढच्या अंगणात आणलं. सासूबाईंनी हरळीवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या, घासलेट ओतलं. काडी मी ओढणार तर त्यांनी पेटी हिसकून घेतली.

"तुह्या हातानं नको. पाप मले लागू दे."

त्या हात जोडून रडत होत्या आणि हरळी जळत होती. नंतर कालवडीच्या अंगावरचा एकेक गोचीड त्यांनीच घासलेटात बुडवला, तिला करंजाचं तेल चोळलं. पंधरा दिवसांनी ती उभी राहिली. पुढे तिची पाच वेतं झाली.

मला मूल झालं नाही. कुणी विषय काढला की माझ्याआधी सासूबाई बोलायच्या, "तिच्यात काही खोट नाही. नवस म्या मोडला." मरेपर्यंत हेच म्हणत राहिल्या. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तसं मी त्यांना एकदाही म्हटलं नाही. त्या ते म्हणत होत्या तोवर मला कुणी वांझ म्हणत नव्हतं.